सूर आणि अंतर : घरी केलेल्या टेस्ला कॉइलची जुळवणी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, राजकारण आणि इतिहास या विषयांवर बोलण्याचा रिवाज आहे. अशा ठिकाणी तांब्याच्या तारेच्या दोन वेटोळ्यांवर तासभर बोलण्याचे मी ठरविले, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली, आणि अशी मोकळीक मिळाली म्हणजे मनुष्य ज्या गोष्टीने त्याची झोप घालविली असेल तिच्याविषयीच बोलतो. माझी झोप टेस्ला कॉइलने घालविली, तीही दोनदा. एकदा ती चालत नव्हती म्हणून आणि दुसऱ्यांदा ती फारच चांगली चालू लागली म्हणून. त्यातून मी जे शिकलो ते आपल्यापुढे मांडावे, एवढाच आजचा हेतू आहे.

टेस्ला कॉइल आपल्यापैकी पुष्कळांनी विज्ञान-प्रदर्शनात पाहिली असेल. एक उभा नळ, त्याच्यावर बारीक तार गुंडाळलेली, माथ्यावर चुंबळीच्या आकाराचे धातूचे चकचकीत कडे आणि त्या कड्यातून हवेत फुटणाऱ्या जांभळट ठिणग्या. जवळ धरलेली ट्यूबलाइट कोणत्याही तारेवाचून उजळते. हे पाहिल्यावर लोकांचा पहिला प्रश्न असतो, 'किती व्होल्ट?' दुसरा असतो, 'खर्च किती आला?' 'ही जुळविली कशी?' असे मला आजवर एकानेच विचारले आहे, आणि तो नववीतला मुलगा होता. सारे मर्म मात्र त्याच्याच प्रश्नात आहे.

माझी पहिली कॉइल तयार झाली तेव्हा तिच्यातून चार बोटे लांबीची ठिणगी निघाली. मला वाटले, वीज अपुरी पडते आहे. म्हणून मी पहिल्या ट्रान्सफॉर्मरला समांतर असा दुसरा जोडला. ट्रान्सफॉर्मर तापले, कडकडाट वाढला, पण चार बोटांची पाच बोटे काही होईनात. तिसऱ्या रात्री कंटाळून दुसरा ट्रान्सफॉर्मर काढून टाकला आणि खालच्या कॉइलवरचा चिमटा तीन वेढे बाहेरच्या बाजूस सरकवून पाहिला. ठिणगी वीतभर झाली. आणखी एक वेढा सरकविला, ठिणगी हातभर झाली. शक्ती निम्म्यावर आणली होती आणि ठिणगी सहापट वाढली होती! हे कसे घडले, ते समजण्यासाठी प्रथम यंत्राची ओळख करून घेतली पाहिजे.

यंत्राची रचना

निकोला टेस्ला यांचा जन्म १८५६ साली आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. १८८४ साली ते अमेरिकेस गेले, आणि २० मे १८९१ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात विद्युत्-अभियंत्यांपुढे त्यांनी अतिशय जलद आंदोलणाऱ्या विजेचे प्रयोग करून दाखविले. ज्या यंत्राला आज आपण त्यांचे नाव देतो त्याचा जन्म त्याच सालचा.

या यंत्रात विजेची दोन मंडले आहेत. पहिल्या मंडलात निऑनच्या पाट्यांसाठी वापरतात तसला, लोखंडी गाभ्याचा जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असतो. माझा १५,००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअरचा आहे. तो एका कंडेन्सरमध्ये वीज भरतो. कंडेन्सर पुरेसा भरला की एका फटीत ठिणगी पडते, फट क्षणभर वाहक बनते आणि साठलेली वीज जाड तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून धावते. ही प्राथमिक कॉइल. ती चकलीसारखी सपाट असते. तिच्या मधोमध उभी असते ती दुय्यम कॉइल. माझ्या कॉइलचा नळ ११ सेंटिमीटर व्यासाचा, साधा पीव्हीसी पाइप आहे. त्यावर ५० सेंटिमीटर उंचीत मोटार वायंडिंगला वापरतात त्या एनॅमलच्या तारेचे ९०० वेढे घातले आहेत. ही तार सुमारे ३११ मीटर भरते. हा आकडा लक्षात असू द्या, त्याचे दुःख पुढे सांगावयाचे आहे. दुय्यम कॉइलचे खालचे टोक जमिनीत पुरलेल्या सळईला जोडलेले असते आणि वरचे टोक चुंबळीसारख्या कड्याला.

कंडेन्सरमधील वीज कॉइलमधून एकदाच वाहून थांबत नाही. कॉइलला एक प्रकारचे जडत्व असते. वाहू लागलेला प्रवाह ती एकाएकी थांबू देत नाही. म्हणून कंडेन्सर रिकामा झाल्यावरही प्रवाह पुढे जातो आणि कंडेन्सर उलट्या बाजूने भरतो. मग वीज परत फिरते. झोपाळा जसा मधल्या जागी न थांबता पलीकडे जातो, तसाच हा प्रकार. कंडेन्सरची धारणशक्ती आणि कॉइलचे हे जडत्व, म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला प्रवर्तकत्व म्हणतात ते, या दोहोंवर सेकंदाला किती हेलकावे होणार हे ठरते. दोहोंपैकी काहीही वाढविले की हेलकावे मंदावतात. माझ्या यंत्रात ते सेकंदाला सुमारे अडीच लाख होतात.

दुय्यम कॉइलमध्ये वेगळा कंडेन्सर दिसत नाही, पण तो असतो. वरचे कडे आणि जमीन यांच्यामध्ये जी थोडीशी धारणशक्ती आहे तीच त्याचे काम करते. म्हणून दुय्यम मंडलालाही त्याचा स्वतःचा असा सूर असतो. सारंगीच्या मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात हे आपणांस ठाऊक आहे. गजाचा स्पर्श त्यांना होत नाही, तरी वरच्या तारेतून त्यांचा स्वर निघाला की त्या आपोआप गाऊ लागतात. मात्र तरफ नीट मिळविलेली नसेल तर वरची तार कितीही जोराने वाजवा, ती मुकीच राहते. मी दुसरा ट्रान्सफॉर्मर जोडला तेव्हा नेमके हेच करीत होतो. न मिळविलेल्या तरफेसाठी गज जोराने ओढीत होतो.

दोन लिंबांचा प्रयोग

आता एक प्रयोग सांगतो. तो आपण आज घरी गेल्यावर करून पाहावा. त्याला वीज लागत नाही. दोन खुर्च्यांच्या पाठींमध्ये एक आडवी दोरी बांधा. तिला हातभर अंतरावर दोन सारख्या लांबीचे दोरे बांधून त्यांच्या टोकांना दोन सारखी लिंबे लटकवा. एका लिंबाला झोका द्या. थोड्या वेळाने त्याचा झोका कमी होत जाईल आणि स्वस्थ असलेले दुसरे लिंबू हलू लागेल. काही वेळाने पहिले लिंबू पूर्ण थांबेल आणि सारा झोका दुसऱ्याकडे गेलेला दिसेल. आपण तेथेच थांबू नका, पाहत राहा. दुसरे लिंबू घेतलेला झोका पहिल्याला परत करू लागेल, आणि अशी देवाणघेवाण चालूच राहील.

आता एका दोऱ्याची लांबी कमी करा. दुसरे लिंबू थोडे हलेल आणि थांबेल. पहिल्याचा झोका पुरता त्याच्याकडे कधीच जाणार नाही. हा बेसूर. दोरे पुन्हा सारखे करा आणि आडवी दोरी थोडी सैल सोडा. देवाणघेवाण पूर्ण होईल, पण पूर्वीपेक्षा झपाट्याने. दोरी ताणा, ती हळू होईल. ही जवळीक. सूर आणि जवळीक या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत, आणि टेस्ला कॉइल जुळविताना जे घोटाळे होतात ते बहुधा या दोहोंची गल्लत केल्याने होतात. कारागीर मंडळी पहिलीला ट्यूनिंग म्हणतात आणि दुसरीला कपलिंग.

येथेच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळजण समजतात की, दुय्यमचे वेढे ९०० आणि प्राथमिकचे साडेदहा, म्हणून व्होल्ट तितक्या पटीने वाढत असणार. घरच्या ट्रान्सफॉर्मरला हा हिशेब लागू पडतो, येथे नाही. येथे हिशेब ऊर्जेचा आहे. माझा कंडेन्सर १० नॅनोफॅरडचा आहे. १५,००० व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर सुमारे २१,००० व्होल्ट असते. तेवढा भरला असता कंडेन्सरमध्ये साधारण २.२ ज्यूल ऊर्जा असते. हीच ऊर्जा दुय्यमच्या अवघ्या २२ पिकोफॅरडच्या धारणशक्तीत जाऊन बसते. परातीतले पाणी अरुंद नळकांड्यात ओतले की पातळी उंच चढते, तसे व्होल्ट चढतात. काहीही वाया गेले नाही असे धरले तर ते सुमारे साडेचार लाख होतील. प्रत्यक्षात पुष्कळ वाया जाते आणि ठिणगीही आधीच फुटते, म्हणून तेवढे होत नाहीत. परंतु वेढे वाढवून व्होल्ट वाढत नाहीत. ओतताना पाणी सांडू न देणे एवढेच आपल्या हाती आहे. सूर आणि जवळीक जुळविणे म्हणजे पाणी न सांडणे.

सूर कसा मिळवावा

माझी पहिली चूक आता सांगता येईल. मी दुय्यम कॉइलचा सूर कागदावर काढला तो केवळ तारेच्या वेटोळ्याचा. नुसत्या वेटोळ्याची धारणशक्ती साडेआठ पिकोफॅरडच्या आसपास भरते आणि सूर सेकंदाला चार लाखांवर जातो. त्या हिशेबाने प्राथमिकवर साडेसहाव्या वेढ्याला चिमटा लावला. आणि मग, शोभेसाठी म्हणा, माथ्यावर कडे बसविले! कड्याने धारणशक्ती २२ पिकोफॅरडपर्यंत नेली आणि दुय्यमचा सूर अडीच लाखांवर उतरला. प्राथमिक वरच्या पट्टीत गात होती आणि दुय्यम खालच्या. योग्य जागा साडेदहाव्या वेढ्याला होती. म्हणून पहिला नियम असा की, सर्व साज चढविल्यावरच सूर पाहावा.

ज्यांच्याजवळ सिग्नल जनरेटर आणि ऑसिलोस्कोप आहे त्यांनी उच्च दाबाला हात न लावता आरंभ करावा. दुय्यम कॉइल कड्यासह तिच्या ठरलेल्या जागी उभी करावी, प्राथमिकचे मंडल एका ठिकाणी तोडून ठेवावे, दुय्यमच्या पायथ्याशी जनरेटर जोडून कंपनसंख्या हळूहळू बदलावी आणि कोणत्या आकड्यावर प्रतिसाद सर्वांत मोठा होतो ते टिपून घ्यावे. नंतर दुय्यम उचलून दूर ठेवावी, ट्रान्सफॉर्मर सोडवून फट तारेने जोडून टाकावी आणि तसेच प्राथमिकचे करावे. दोन आकडे जवळ येईपर्यंत चिमटा सरकवावा.

पण एवढ्याने काम संपत नाही. ठिणगी फुटली की ती स्वतःच विद्युत्भारित हवेची एक शाखा होते आणि कड्याच्या धारणशक्तीत भर घालते. हातभर ठिणगीने दोन-तीन पिकोफॅरड सहज वाढतात. म्हणजे कॉइल जसजशी चांगली चालते, तसतसा तिचा सूर खाली उतरतो. गवई गाऊ लागला की तंबोरा उतरावा, तशी ही गंमत आहे. म्हणून प्राथमिकचा सूर मुद्दाम किंचित खाली ठेवावयाचा असतो. मोजलेल्या जागेपासून चिमटा अर्धा वेढा बाहेर घ्यावा आणि तेथून पाव पाव वेढ्याने पुढेमागे करून पाहावे. माझ्या कॉइलचे उत्तम स्थान अखेर अकराव्या वेढ्याजवळ सापडले.

ही तपासणी डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. कड्याला एक लहानसा खिळा बसवावा, म्हणजे ठिणगी एकाच जागेतून निघेल. समोर अर्थिंगला जोडलेली सळई ठेवावी. डिमरस्टॅटने दाब कमी ठेवून ठिणगी सळईपर्यंत पोहोचते का ते पाहावे आणि पोहोचली तर सळई मागे न्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. 'मागच्या वेळेपेक्षा मोठी वाटते' या वाक्याने माझे कित्येक तास खाल्ले आहेत.

जवळीक किती असावी

सूर मिळाला. आता जवळीक. प्राथमिकच्या चुंबकीय क्षेत्राचा किती भाग दुय्यमला भेटतो, त्याचे माप म्हणून शास्त्रज्ञ युग्मनांक वापरतात. दोन कॉइल एकमेकींना मुळीच जाणत नसतील तर तो शून्य, आणि सारे क्षेत्र सामायिक असेल तर एक. घरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तो एकाच्या अगदी जवळ असतो. ठिणगीच्या फटीवर चालणाऱ्या टेस्ला कॉइलमध्ये तो साधारण ०.१ ते ०.२ असतो. इतक्या थोड्या जवळिकीने काम कसे भागते? लिंबांचा प्रयोग आठवा. जवळीक थोडी असली तरी सूर जुळलेला असेल तर सारा झोका पलीकडे जातो, फक्त वेळ लागतो. युग्मनांक ०.१ असेल तर पाच हेलकावे लागतात, ०.२ असेल तर अडीच. माझ्या कॉइलमध्ये पाच हेलकावे म्हणजे एका सेकंदाचे पन्नास हजार भाग केले तर त्यातला एक भाग.

मग जवळीक वाढवून काम लवकर का उरकू नये? याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, दोन जुळलेली मंडले फार जवळ आणली की त्यांचा एक सूर राहत नाही, दोन होतात. ही गोष्ट १८९५ सालीच ओबरबेक या जर्मन शास्त्रज्ञाने गणिताने दाखविली होती. अडीच लाखांच्या कॉइलमध्ये युग्मनांक ०.१ असता एक सूर सुमारे २,३८,००० ला आणि दुसरा २,६३,००० ला पडतो. ०.२ केला तर २,२८,००० आणि २,८०,००० होतात. दुय्यम कॉइल लांब आहे. तिच्यावर व्होल्ट खालून वर हळूहळू चढत जावे अशी अपेक्षा असते. जवळीक फार झाली की ती चढण बिघडते. मधल्याच दोन वेढ्यांमध्ये नको तेवढा दाब साचतो आणि तारेच्या पृष्ठावरून ठिणग्या धावू लागतात.

दुसरे कारण फटीचे आहे. सारी ऊर्जा दुय्यममध्ये पोहोचली की त्याच क्षणी फट विझावयास हवी. ती विझली तर परतीची वाट बंद होते आणि ऊर्जा वर ठिणगी करण्यास मोकळी राहते. न विझली तर दुसऱ्या लिंबाप्रमाणे दुय्यम आपली ऊर्जा परत करू लागते, आणि प्रत्येक फेरीत फट तिचा काही भाग उष्णतेत जाळते. जवळीक जितकी अधिक, तितका विझण्याचा अवसर कमी. म्हणून एकच मोठी फट ठेवण्याऐवजी तांब्याच्या नळीचे तुकडे शेजारी शेजारी मांडून पाच-सात लहान फटी करतात आणि त्यांवर पंख्याचा झोत सोडतात.

हा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नव्हे. आरंभीच्या बिनतारी तारायंत्रात हेच दोन कॉइलचे मंडल वापरीत, आणि जवळीक अधिक झाली की एकाच केंद्रातून दोन लहरी निघून शेजारच्या केंद्रांना उपद्रव होई. १९०६ साली माक्स वीन यांनी ठिणगी चटकन विझविणारी फट काढली ती याच अडचणीवर. आणि १९१२ च्या अमेरिकन रेडिओ कायद्यात तर स्पष्ट अट होती की, एकाहून अधिक लहरी निघत असतील तर गौण लहरीची ऊर्जा मुख्य लहरीच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. दोन वेटोळ्यांतील अंतर असे कायद्याचा विषय झाले होते!

युग्मनांक घरी मोजताही येतो. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला मोटारीचा ६० वॅटचा दिवा आणि प्राथमिक कॉइल एकापुढे एक जोडली की कॉइलमधून सुमारे ५ अँपिअर प्रवाह जातो. त्या वेळी दुय्यमच्या दोन टोकांमध्ये मीटरने मिलिव्होल्ट पाहावेत. माझ्या कॉइलमध्ये १३० मिलिव्होल्ट म्हणजे युग्मनांक ०.१. दुय्यमखाली एक एक सेंटिमीटर जाडीच्या लाकडी फळ्या ठेवीत गेले की हा आकडा कमी होत जातो. अशा रीतीने कोणत्या उंचीला किती जवळीक, याचे कोष्टक वीज न खेळविता तयार होते.

३११ मीटर तारेची गोष्ट

आता दुसऱ्या रात्रीची हकीकत. मी ज्या शाळेत शिकवीत होतो तेथे प्रदर्शन होते. कॉइल हातभर ठिणगी देत होती. पाहुणे येणार म्हणून मला आणखी थोडी हवीशी वाटली. फळ्यांवर उभी केलेली दुय्यम मी चार सेंटिमीटर खाली उतरविली. चालू करताच वरची ठिणगी खरोखर थोडी लांबली. आणि तारेच्या अंगावरून बारीक जांभळे साप वर धावू लागले. प्रेक्षकांना वाटले हाही खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजविल्या. मला ते साप काय सांगत होते ते ठाऊक होते, पण टाळ्या ऐकून मी बटण बंद केले नाही. अर्ध्या मिनिटात एनॅमल जळाल्याचा वास आला आणि नळावर उभी काळी रेघ उमटली. जळलेल्या प्लास्टिकचा कोळसा स्वतःच वाहक असतो, म्हणून पुढची प्रत्येक ठिणगी त्याच रेघेतून जाऊ लागली. दोन संध्याकाळी बसून गुंडाळलेली ३११ मीटर तार भंगारात गेली.

सर्व पांगल्यावर तो नववीतला मुलगा मागे राहिला. त्याने विचारले, 'सर, चांगली चालत होती ना? मग तिला आणखी जवळ का आणलंत?' याचे उत्तर भौतिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हते. मी त्याला खरे ते सांगितले, 'लोकांना दाखवायला, बाळ.'

त्या दिवसापासून मी एक क्रम पाळतो. आरंभी दुय्यम उंचावर, म्हणजे जवळीक मुद्दाम कमी. त्या स्थितीत सूर मिळवावा. मग एक एक फळी काढीत खाली यावे, आणि दर वेळी सूर पुन्हा पाहावा, कारण जवळीक बदलली की तोही किंचित हलतो. अंगावर धावणारी पहिली ठिणगी दिसताच बंद करावे आणि दोन फळ्या परत ठेवाव्यात. तीच आपली जागा. मात्र एक सावधगिरी ठेवावी. धावत्या ठिणग्या केवळ जवळिकीने होत नाहीत. सूर चुकला असेल किंवा फट नीट विझत नसेल तरीही त्या दिसतात. म्हणून सूर न तपासता जवळिकीला दोष देऊ नये.

जिवाची गोष्ट

तार जळाली ती पुन्हा आणता येते. आता जे सांगतो ते जिवाचे आहे, आणि ते ऐकल्यावाचून कोणीही घरी जाऊन कॉइल करावयास बसू नये.

टेस्ला कॉइलची ठिणगी निरुपद्रवी असते असा समज पसरलेला आहे. त्याचे कारण असे देतात की, जलद आंदोलणारी वीज वस्तूच्या पृष्ठभागावरूनच वाहते, म्हणून ती शरीरात शिरत नाही. तांब्याच्या तारेपुरते हे खरे आहे. अडीच लाख कंपनांना ती तांब्यात ०.१३ मिलिमीटरच्या आसपासच शिरते. परंतु आपले शरीर तांब्याचे नाही. शरीराच्या मांसात ही खोली दीड मीटरच्या घरात भरते, म्हणजे शरीराच्या जाडीहून कितीतरी अधिक. वीज आतून जातेच. इतक्या जलद कंपनांना ज्ञानतंतू प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका जाणवत नाही इतकेच. भाजणे मात्र आतपर्यंत होते, आणि ते कळत नाही म्हणून अधिक वाईट.

खरा मृत्यू खाली बसलेला असतो. १५,००० व्होल्ट आणि ३० मिलिअँपिअर देणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याने भरलेला कंडेन्सर हे मनुष्याचा प्राण घेण्यास पुरेसे आहेत. येथेच जवळिकीचा पुन्हा संबंध येतो. दुय्यम फार खाली आणली की तिच्यातून प्राथमिकवर ठिणगी उडू शकते. एकदा ती वाट तयार झाली की वरच्या निरुपद्रवी मानलेल्या ठिणगीबरोबर खालच्या ट्रान्सफॉर्मरची मारक वीजही वर येऊ शकते. म्हणून प्राथमिकच्या बाहेरच्या वेढ्यावर तांब्याचे एक उघडे कडे, म्हणजे दोन टोके न जोडलेले, बसवून ते जमिनीला जोडतात. दुय्यमचे अर्थिंग घराच्या अर्थिंगला न जोडता स्वतंत्र सळईला जोडावे.

चिमटा हलविण्यापूर्वी प्रत्येक वेळी भिंतीतला प्लग उपटून काढावा आणि लांब दांड्याच्या सळईने कंडेन्सरची टोके जोडावी. एका संध्याकाळी चिमटा पन्नास वेळा हलवावा लागतो. पन्नास वेळा हे करावे. एक्कावन्नाव्या वेळी कंटाळा येतो आणि माणसे त्याच वेळी मरतात. एकट्याने हे काम करू नये. दुसरा मनुष्य बटणापाशी उभा असावा. हृदयाला पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीला जवळ येऊ देऊ नये. फटीकडे टक लावून पाहू नये, कारण तिच्यातून अतिनील किरण निघतात. आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी, कारण ओझोन साचतो.

आपल्यापैकी अनेकांनी टेस्ला यांचे ते प्रसिद्ध छायाचित्र पाहिले असेल. १८९९ साली कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील प्रयोगशाळेत, भोवती विजेचे लोळ उठत असताना ते शांतपणे खुर्चीवर वाचीत बसले आहेत. ते छायाचित्र एकाच काचेवर दोनदा घेतलेले आहे. एकदा ठिणग्यांचे, आणि यंत्र बंद असताना दुसऱ्यांदा टेस्लांचे. ज्याने हे यंत्र निर्माण केले तोही ते चालू असताना त्या खुर्चीवर बसला नाही. आपणही बसू नये.

उपसंहार

तात्पर्य, सूर आधी आणि अंतर मागाहून. सूर मिळाला नसताना जवळ आणलेल्या कॉइल एकमेकींना जाळतात, आणि सूर मिळाला की थोड्या अंतरावरूनही सारे पोहोचते. आज मोबाइल फोन बिनतारेने चार्ज करणाऱ्या चकतीत दोन वेटोळीच असतात. फोन चकतीवर थोडा तिरका ठेवला की चार्जिंग मंदावते किंवा थांबते. हा अनुभव आपणांपैकी अनेकांना आला असेल. आता तसे झाले म्हणजे फोनला दोष देण्यापूर्वी त्या दोन वेटोळ्यांच्या जवळिकीची आठवण व्हावी.

त्या मुलाने पुढे माझ्याबरोबर बसून नवी तार गुंडाळली. जुन्या काळ्या रेघेचा नळाचा तुकडा मी कापून ठेवला आहे आणि तो आज येथे आणला आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य पाहावा. हातभर ठिणगीपेक्षा मला त्याच्यापासून अधिक शिकावयास मिळाले.